बिझ्ली नेमबाजी मैदान

बिझ्ली नेमबाजी मैदान हे इंग्लंडच्या सरे परगण्यातील खुले नेमबाजी केंद्र आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे मुख्यालय येथे असून इ.स. १८९० पासून संघटनेची वार्षिक स्पर्धा याच ठिकाणी भरते. १०० यार्डांपासून (सुमारे ९१ मीटर) १२०० यार्डांपर्यंतच्या (सुमारे १०९७ मीटर) रायफल नेमबाजीची सोय येथे आहे. त्याशिवाय पिस्तूल, हलती लक्ष्ये, मातीच्या तबकड्या व एअर रायफल यांसाठी स्वतंत्र जागा आहेत. इ.स. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधील व इ.स. २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांमधील नेमबाजीचे सामने येथे झाले. कोल्हापूरच्या राजांच्या नावाने ओळखला जाणारा ‘कोल्हापूर चषक’ येथे खेळला जातो. २००२ मध्ये अंजली भागवत यांनी चार सुवर्णपदके याच ठिकाणी मिळवली. या दोन कारणांनी मराठी वाचकांना या मैदानाविषयी विशेष आस्था आहे.

बंदिस्त नेमबाजी केंद्रात गोळी भिंतींनी अडवली जाते. खुल्या मैदानावर भिंती नसतात. तेथील सुरक्षितता मोकळी जमीन, मातीचा बांध आणि नेमबाजांची शिस्त या तीन गोष्टींवर अवलंबून असते. विम्बल्डनहून बिझ्लीला झालेले स्थलांतर, मैदानांची रचना आणि येथील कडक नियम यांचे मूळ याच गरजेत आहे.

स्थान

हे मैदान लंडनच्या नैर्ऋत्येस, वोकिंग शहराच्या पश्चिमेकडे आहे. बिझ्ली, ब्रुकवुड आणि पिरब्राइट ही गावे त्याच्या आसपास असून मैदानाला त्यांतील बिझ्ली गावाचे नाव मिळाले. लंडनच्या वॉटर्लू स्थानकाहून जाणाऱ्या लोहमार्गावरील ब्रुकवुड हे सर्वांत जवळचे स्थानक होय. परिसर ग्रामीण असून वालुकामय, निकस माळरान आणि मधूनमधून पाइन व बर्च वृक्षांची राने असे त्याचे स्वरूप आहे. अशा जमिनीत शेती फारशी पिकत नसल्याने एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश लष्कराने या भागात छावण्या आणि सरावक्षेत्रे उभारली. नेमबाजी मैदानाला लागून आजही लष्कराचे विस्तीर्ण राखीव क्षेत्र आहे.

पार्श्वभूमी

इ.स. १८५९ च्या सुमारास फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन इंग्लंडवर स्वारी करील, अशी भीती ब्रिटनमध्ये पसरली होती. त्यातून गावोगावी नागरिकांची स्वयंसेवी रायफल पथके उभी राहिली. त्याच काळात गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुकांची जागा आटे पाडलेल्या नळीच्या रायफलींनी घेतली होती. नळीतील आट्यांमुळे गोळीला स्वतःभोवती फिरकी मिळते व ती लांब अंतरापर्यंत सरळ जाते. पथकांच्या हाती असलेली एनफिल्ड रायफल ही भारतीय इतिहासातही परिचित आहे. तिच्याच काडतुसांवरून इ.स. १८५७ मध्ये बंगाल लष्करातील शिपायांमध्ये असंतोष भडकला होता.

नवे शस्त्र दूरवर मारा करणारे असले तरी ते अचूक चालवण्यासाठी सराव लागे आणि सरावाला लांबलचक मोकळी जागा लागे. स्वयंसेवकांना उत्तेजन मिळावे व रायफल नेमबाजीचा देशभर प्रसार व्हावा, या हेतूने इ.स. १८५९ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. अमेरिकेतील याच नावाची संघटना इ.स. १८७१ मध्ये स्वतंत्रपणे स्थापन झालेली असून ती वेगळी आहे.

संघटनेची पहिली स्पर्धा जुलै १८६० मध्ये लंडनजवळच्या विम्बल्डन येथील सार्वजनिक माळावर भरली. २ जुलै रोजी व्हिक्टोरिया राणीने पहिली गोळी झाडून तिचे उद्घाटन केले. व्हिटवर्थ रायफल एका लोखंडी बैठकीवर ४०० यार्डांवरील लक्ष्यावर आधीच रोखून ठेवली होती आणि राणीने केवळ चापाला बांधलेली दोरी ओढली. गोळी लक्ष्याच्या मध्यबिंदूपासून सुमारे सव्वा इंचावर लागली.

विम्बल्डनहून बिझ्लीला

विम्बल्डनची स्पर्धा तीस वर्षे चालली आणि लंडनकरांसाठी तो उन्हाळ्यातील एक मोठा सोहळा बनला. या काळात दोन बदल घडले. लंडन शहर वाढत जाऊन माळाच्या कडेपर्यंत घरे आली. दुसरीकडे शस्त्रांचा पल्ला वाढला. इ.स. १८८८ मध्ये ब्रिटिश लष्कराने .३०३ व्यासाची, एकामागून एक गोळ्या झाडता येणारी ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. तिची चुकलेली गोळी आधीच्या रायफलींच्या गोळीपेक्षा पुष्कळ दूर जाऊ शकत होती. वस्ती जवळ येत होती आणि धोक्याचे क्षेत्र रुंदावत होते. त्यामुळे त्या जागी स्पर्धा चालू ठेवणे अशक्य झाले.

इ.स. १८९० मध्ये संघटना बिझ्लीला आली. त्याच वर्षी संघटनेला शाही सनदही मिळाली. नव्या मैदानावरील पहिली गोळी वेल्सच्या राजकन्या अलेक्झांड्रा यांनी झाडली. नेमबाज, तंबू व सामान यांची ने-आण करण्यासाठी ब्रुकवुडपासून मैदानापर्यंत छोटा फाटा लोहमार्ग टाकण्यात आला. त्यावरील गाडीला लोक विनोदाने ‘बिझ्ली बुलेट’ म्हणत. पहिल्या महायुद्धात हा मार्ग पुढे लष्करी छावण्यांपर्यंत वाढवला गेला. तो इ.स. १९५२ मध्ये बंद झाला.

दोन्ही महायुद्धांत मैदानाचा उपयोग सैनिकांच्या व प्रशिक्षकांच्या शिक्षणासाठी झाला. इ.स. १९१५ ते १९१८ आणि इ.स. १९४० ते १९४५ या काळात वार्षिक स्पर्धा भरल्या नाहीत.

मैदानांची रचना

बिझ्ली हे एकच मैदान नसून अनेक मैदानांचा समूह आहे. त्यांतील प्रमुख पुढीलप्रमाणे:

सेंच्युरी: १०० ते ६०० यार्ड अंतराचे सर्वांत गजबजलेले मैदान. एका रांगेत शंभराहून अधिक लक्ष्ये उभारता येत असल्याने त्यास हे नाव पडले.

स्टिकलडाउन: ८०० ते १२०० यार्ड अशा लांब पल्ल्याचे मैदान. मानाच्या स्पर्धांच्या अंतिम फेऱ्या येथे होतात.

शॉर्ट सायबेरिया: १०० व २०० यार्डांचे छोटे मैदान. रायफल जुळवून पाहणे व नवशिक्यांचे शिक्षण यांसाठी ते सोयीचे आहे.

मेलव्हिल व चेल्समोर: पिस्तूल व कमी पल्ल्याच्या नेमबाजीची मैदाने.

विनान्स: रुळावरून धावणाऱ्या हरणाच्या आकृतीवर नेम धरण्याचे मैदान.

कॉट्सलो हीथ: यंत्रातून हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवरील नेमबाजीचे ठिकाण.

लॉर्ड रॉबर्ट्स केंद्र: २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेली इमारत. एअर रायफल व लहान व्यासाच्या रायफलींचे सामने येथे होतात. फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांचा जन्म कानपूरचा असून ते इ.स. १८८५ ते १८९३ या काळात भारतातील सरसेनापती होते. ब्रिटनमधील सामान्य लोकांत लहान रायफलींची नेमबाजी रुजवण्यात त्यांचा पुढाकार होता.

मोठ्या मैदानांवर लक्ष्ये एका जागी स्थिर असतात आणि नेमबाज अंतर बदलतात. ३०० यार्डांवरील फेरी संपली की सर्व नेमबाज आपापल्या सामानासह मागे सरकून ५०० यार्डांच्या रेषेवर जातात. प्रत्येक रेषेवर जमीन किंचित उंच करून गवताळ ओटा केलेला असतो. त्यावर चटई अंथरून नेमबाज पालथे झोपतात आणि ओट्यावर लावलेल्या क्रमांकाप्रमाणे आपापल्या लक्ष्यावर गोळ्या झाडतात. दुसऱ्याच्या लक्ष्यावर लागलेली गोळी ही झाडणाऱ्याची चूक मानली जाते.

लक्ष्यखंदक

लक्ष्यांच्या खाली मैदानाच्या संपूर्ण रुंदीएवढा खोल खंदक असतो. त्याच्या नेमबाजांकडील बाजूस काँक्रीट व मातीची जाड भिंत असते आणि लक्ष्ये या भिंतीच्या वर दिसतात. खंदकात प्रत्येक लक्ष्याजवळ नोंद घेणारे कामगार उभे असतात. लक्ष्य लोखंडी चौकटीवर बसवलेले असून खिडकीच्या सरकत्या तावदानाप्रमाणे ते खाली-वर करता येते.

गोळी लागताच कामगार लक्ष्य खाली ओढतो, आधीचे छिद्र कागदाच्या तुकड्याने बुजवतो, नव्या छिद्रात ठळक रंगाची छोटी चकती खोचतो, मिळालेले गुण दाखवणारी खूण लक्ष्याच्या कडेला लावतो आणि लक्ष्य पुन्हा वर चढवतो. सरावलेल्या हातांना या सगळ्यास काही सेकंद पुरतात. नेमबाज व त्याचे गुण लिहिणारा जोडीदार दुर्बिणीतून ती चकती पाहतात. मधल्या वर्तुळास पाच गुण असतात. त्याच्या आत आणखी एक लहान वर्तुळ असते. त्यात लागलेल्या गोळ्या वेगळ्या मोजल्या जातात व बरोबरी झाल्यास त्यांवरून क्रम ठरतो.

रायफलीची गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जाते. त्यामुळे खंदकातील माणसाला प्रत्येक गोळीचे दोन आवाज ऐकू येतात. प्रथम डोक्यावरून जाणाऱ्या गोळीचा चाबकासारखा कडाडणारा आवाज होतो आणि नंतर रायफलीचा दबका बार पोहोचतो. सहाशे यार्डांवर या दोहोंत सुमारे एका सेकंदाचे अंतर असते. अलीकडे काही लक्ष्यांवर इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवली असून गोळीचे स्थान थेट नेमबाजाजवळच्या पडद्यावर दिसते.

वारा

खुल्या मैदानावरील नेमबाजी आणि बंदिस्त नेमबाजी यांतील मुख्य फरक वाऱ्याचा आहे. हजार यार्ड अंतर कापण्यास गोळीला सुमारे दीड सेकंद लागतो. या अवधीत ताशी १६ किलोमीटर वेगाने आडवा वाहणारा मंद वारादेखील तिला दोन मीटरांहून अधिक बाजूला ढकलतो. त्या अंतरावर पाच गुणांच्या वर्तुळाचा व्यास केवळ २४ इंच, म्हणजे सुमारे ६१ सेंटिमीटर असतो. म्हणून नुसता स्थिर हात पुरत नाही. वारा किती आहे, कोणत्या दिशेने आहे आणि पुढील काही सेकंदांत तो बदलेल काय, याचा अंदाज प्रत्येक गोळीपूर्वी बांधावा लागतो.

यासाठी मैदानाच्या लांबीवर ठिकठिकाणी उंच काठ्यांवर निमुळती निशाणे लावलेली असतात. निशाण काठीपासून किती उचलले गेले आहे यावरून वाऱ्याचा वेग कळतो. उन्हाच्या दिवसांत जमिनीलगत तापलेल्या हवेच्या लहरी दुर्बिणीतून दिसतात आणि त्या कोणत्या बाजूस वाहत आहेत यावरूनही दिशा समजते. मिळालेल्या अंदाजानुसार रायफलीवरील मागची दर्शनी डावी-उजवीकडे फिरवली जाते. सांघिक सामन्यांत हे काम एका स्वतंत्र मार्गदर्शकाकडे असते. तो वारा वाचतो आणि नेमबाज त्याच्या शब्दावर विसंबून गोळी झाडतो.

येथील मुख्य प्रकारात नेमबाज पालथे झोपून, दंडाला बांधलेल्या पट्ट्याच्या आधारे रायफल धरतात. दुर्बीण बसवलेली दर्शनी त्यास चालत नाही. बारीक छिद्राच्या साध्या दर्शनीनेच नेम धरावा लागतो. १००० ते १२०० यार्डांवरील ‘मॅच रायफल’ या वेगळ्या प्रकारात दुर्बिणीची मुभा आहे. त्यात काही नेमबाज उताणे झोपून, रायफल पायांवर टेकवून नेम धरण्याची जुनी पद्धत आजही वापरतात.

सुरक्षाव्यवस्था

रायफलीची गोळी लक्ष्य भेदल्यानंतरही काही किलोमीटर जाण्याइतकी शक्ती राखून असते. तिला अडवण्यासाठी लक्ष्यांच्या मागे मातीचा उंच बांध असतो. बांधावरून निसटणाऱ्या किंवा आपटून उसळणाऱ्या गोळ्यांसाठी त्याच्याही मागे निर्मनुष्य धोकाक्षेत्र राखावे लागते. बिझ्लीच्या मागील लष्करी राखीव क्षेत्रामुळे ही गरज भागते. गोळीबार चालू असताना सीमांवर लाल निशाणे फडकावली जातात.

मैदानावरील नियम थोडे आहेत, पण त्यांना अपवाद नाही. रायफलीची नळी सदैव लक्ष्यांच्या दिशेने ठेवावी लागते. अधिकाऱ्याच्या आज्ञेपूर्वी कोणीही काडतूस भरत नाही. फेरी संपताच रायफल रिकामी करून व खटका उघडा ठेवून ती दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावी लागते आणि नळीच्या मागील भागात रंगीत पट्टी खोचून ती रिकामी असल्याचे दाखवावे लागते. धोका दिसल्यास गोळीबार थांबवण्याची आरोळी कोणीही देऊ शकतो. अधिकारी, विजेता आणि प्रथमच आलेला पाहुणा यांना हा अधिकार सारखाच असतो. ती ऐकताच सर्वांनी बोट चापावरून काढणे बंधनकारक असते. खंदकात माणसे ये-जा करीत असताना रेषेवरील कोणीही रायफलीला हात लावत नाही.

गोळ्या शिशाच्या असल्याने बांधाच्या मातीत हा विषारी धातू साठत जातो. अशा मैदानांवर वेळोवेळी माती चाळून शिसे काढावे लागते. नेमबाजांनाही गोळीबारानंतर हात धुण्याची सवय लावली जाते.

प्रेक्षक व पाहुणे

वार्षिक स्पर्धेच्या काळात सामान्य नागरिकांना नेमबाजांच्या रेषेमागे उभे राहून सामने पाहता येतात. दूरची लक्ष्ये नुसत्या डोळ्यांना ठिपक्यांसारखी दिसत असल्याने दुर्बिणीवाचून फारसे कळत नाही. कानांचे संरक्षण करणारी साधने रेषेजवळ सर्वांना वापरावी लागतात. आवारात संघटनेचे संग्रहालय, शस्त्रदुरुस्तीची दुकाने आणि निरनिराळ्या मंडळांच्या इमारती आहेत. रुंद ओसऱ्या असलेल्या लाकडी इमारतींमुळे या भागाला व्हिक्टोरियन काळातील वसाहतीचे रूप आले आहे.

ब्रिटनमध्ये रायफल बाळगण्यासाठी पोलिसांचे प्रमाणपत्र लागते. ते नसलेल्या पाहुण्याला मान्यताप्राप्त मंडळांच्या खास दिवशी, अनुभवी सदस्याच्या थेट देखरेखीखाली नेमबाजीचा अनुभव घेता येतो. त्यापूर्वी कायद्याने आपल्याला शस्त्र हाताळण्यास मनाई नसल्याचे लेखी निवेदन त्याला द्यावे लागते. गोळी झाडण्याआधी सुरक्षेचे नियम समजावून सांगितले जातात आणि बहुधा कमी अंतरापासून सुरुवात केली जाते.

वार्षिक स्पर्धा

दर जुलैमध्ये भरणाऱ्या वार्षिक स्पर्धेस ‘इम्पीरियल मीटिंग’ असे म्हणतात. साम्राज्य लयास गेले तरी नाव टिकून आहे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, चॅनल बेटे, केनिया इत्यादी ठिकाणचे नेमबाज तीत भाग घेतात. शालेय संघांसाठी इ.स. १८६१ पासून चालत आलेली ॲशबर्टन ढाल आणि इ.स. १८६२ पासून इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यात सुरू झालेली एल्चो ढाल या तिच्यातील जुन्या स्पर्धा होत.

राजाचे (राणीचे) पारितोषिक

ही येथील सर्वांत मानाची वैयक्तिक स्पर्धा असून सिंहासनावर राजा आहे की राणी यानुसार तिचे नाव बदलते. व्हिक्टोरिया राणीने २५० पौंडांचे पारितोषिक देऊन इ.स. १८६० मध्ये ती सुरू केली. पहिला विजेता एडवर्ड रॉस हा तरुण होता.

स्पर्धा तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात ३००, ५०० व ६०० यार्डांवरून प्रत्येकी सात गोळ्या झाडल्या जातात. त्यांतील सर्वोत्तम ३०० नेमबाज दुसऱ्या टप्प्यात त्याच अंतरांवरून प्रत्येकी दहा गोळ्या झाडतात. त्यांतून निवडलेले शंभर जण अंतिम फेरीत ९०० व १००० यार्डांवरून प्रत्येकी पंधरा गोळ्या झाडतात. विजेत्याला खुर्चीत बसवून खांद्यांवरून मिरवण्याची प्रथा आहे.

इ.स. १९३० मध्ये मार्जरी फॉस्टर यांनी केवळ एका गुणाच्या फरकाने हे पारितोषिक जिंकले. पुरुषांच्या, त्यातही बहुतांश सैनिकांच्या, स्पर्धेत प्रथमच एक स्त्री विजयी झाली होती. दुसऱ्या स्त्रीला हा मान मिळण्यास सत्तर वर्षे लागली; इ.स. २००० मध्ये जोॲना हॉसॅक विजेत्या ठरल्या. आर्थर फुल्टन यांनी इ.स. १९१२, १९२६ व १९३१ अशा तीन वेळा हे पारितोषिक मिळवले. त्यांचे वडील इ.स. १८८८ मध्ये आणि पुत्र इ.स. १९५८ मध्ये विजेते होते.

कोल्हापूर चषक

करवीर संस्थानचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज यांनी इ.स. १८७० मध्ये युरोपचा प्रवास केला. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे त्यांचे तरुण वयात निधन झाले. त्यांच्या अंत्यसंस्काराच्या जागी, आर्नो नदीकाठच्या कॅशिने उद्यानात, छत्री व अर्धपुतळा आहे.

कोल्हापूरच्या राजांनी दिलेला चषक राष्ट्रीय रायफल संघटनेकडे असून त्यासाठीची स्पर्धा इ.स. १८७१ मध्ये विम्बल्डनला सुरू झाली. ब्रिटन व त्याच्या वसाहती यांच्या संघांतील सामना असे तिचे मूळ स्वरूप होते. आज राष्ट्रकुलातील देशांचे संघ तीत खेळतात. प्रत्येक संघात आठ नेमबाज असतात आणि प्रत्येक जण ३००, ५०० व ६०० यार्डांवरून दहा-दहा गोळ्या झाडतो. त्यामुळे संघाला जास्तीत जास्त १२०० गुण मिळू शकतात. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लेखनपद्धतीनुसार चषकाचे नाव आजही ‘कोलापोर’ असे लिहिले व उच्चारले जाते. त्यामुळे हे नाव महाराष्ट्रातील एका शहराचे आहे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

पुढील काळात कोल्हापूर जिल्हा भारतीय नेमबाजीचे एक महत्त्वाचे केंद्र झाला. तेजस्विनी सावंत यांनी इ.स. २०१० मध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवले, राही सरनोबत यांनी इ.स. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदक पटकावले आणि स्वप्नील कुसाळे यांनी इ.स. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले. चषकाशी या यशाचा थेट संबंध नाही.

ऑलिंपिक व राष्ट्रकुल स्पर्धा

इ.स. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधील रायफल व पिस्तूल नेमबाजी बिझ्लीला झाली. धावत्या हरणाच्या एकेरी प्रकारात स्वीडनचे ऑस्कर स्वान यांनी वयाच्या साठाव्या वर्षी सुवर्णपदक मिळवले. हजार यार्डांच्या प्रकारात ब्रिटनकडून खेळणारे आयरिश नेमबाज जोशुआ मिलनर विजयी झाले.

इ.स. २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धा मँचेस्टरला होत्या, मात्र नेमबाजीचे सामने शेकडो किलोमीटर दूर बिझ्लीला घेण्यात आले. भारतीय संघाने येथे मोठे यश मिळवले. मुंबईच्या अंजली भागवत यांनी १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर थ्री पोझिशन या दोन्ही प्रकारांत वैयक्तिक व जोडीची अशी चार सुवर्णपदके जिंकली. एअर रायफलच्या जोडीत त्यांच्यासोबत सुमा शिरूर होत्या. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये वैयक्तिक सुवर्ण तसेच मुराद अली खान यांच्यासह जोडीचे सुवर्ण मिळवले. पुढे इ.स. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये राठोड रौप्यपदकाचे मानकरी ठरले.

इ.स. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी मात्र बिझ्लीची निवड झाली नाही. ते सामने लंडनमधील वुलिच येथील लष्करी बराकींच्या आवारात तात्पुरत्या उभारलेल्या मैदानांवर झाले. इ.स. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धांतून नेमबाजी वगळण्यात आली.

हँडगन बंदी व तिचे परिणाम

१३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन येथील प्राथमिक शाळेत एका बंदूकधाऱ्याने सोळा मुले व त्यांची शिक्षिका यांची हत्या केली. त्याच्याकडील पिस्तुले परवान्याची होती. या घटनेनंतर ब्रिटनमध्ये शस्त्रबंदीची मागणी तीव्र झाली आणि इ.स. १९९७ मध्ये संसदेने दोन कायदे केले. पहिल्याने .२२ पेक्षा अधिक व्यासाच्या आणि दुसऱ्याने .२२ व्यासाच्या हँडगन खाजगी व्यक्तींनी बाळगण्यावर बंदी आली. उत्तर आयर्लंडला ही बंदी लागू नव्हती.

परिणामी बिझ्लीच्या पिस्तूल मैदानांवरील नेहमीची वर्दळ ओसरली. पिस्तुलाच्या ऑलिंपिक प्रकारांत खेळणाऱ्या ब्रिटिश नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावे लागे. २००२ चे सामने शासनाच्या विशेष परवानगीने झाले. शिस्तबद्ध क्रीडाप्रकाराला एका गुन्हेगाराच्या कृत्याची शिक्षा का, असा नेमबाजांचा आक्षेप होता. बंदीच्या समर्थकांच्या मते, खेळासाठी दिलेला परवाना हीच त्या शस्त्रांची वाट ठरली होती आणि मुलांच्या जिवापुढे खेळाची सोय गौण होती. रायफल नेमबाजी कायदेशीर राहिली. मात्र तेव्हापासून ब्रिटनमधील प्रत्येक नेमबाजी मंडळाला सदस्यांची पारख व नोंदी याबाबत अधिक काटेकोर राहावे लागते.

परिसर व निसर्ग

बिझ्लीभोवतीचा माळ हा इंग्लंडमध्ये झपाट्याने कमी होत गेलेल्या भूप्रकाराचा अवशेष आहे. लंडनच्या जवळ असूनही हा पट्टा घरांखाली गेला नाही, याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे लष्करी व नेमबाजीच्या वापरामुळे येथे बांधकामास मिळालेला अटकाव. टेम्स खोऱ्यातील असे माळ रातवा, वुडलार्क हा चंडोल आणि डार्टफर्ड वॉर्बलर हा छोटा पक्षी यांच्या संवर्धनासाठी संरक्षित आहेत. हे पक्षी जमिनीवर किंवा खुरट्या झुडपांत घरटी करतात. त्यामुळे माणसांची व कुत्र्यांची वर्दळ नसलेली धोकाक्षेत्रे त्यांना मानवतात. कोरड्या उन्हाळ्यात झुडपांना वणवा लागण्याचा धोका मात्र कायम असतो.

खुले मैदान एकदा गेले की दुसरीकडे उभारणे अवघड असते, कारण त्यास लागणारी सलग निर्मनुष्य जमीन आता दुर्मिळ झाली आहे. इ.स. १८९० मध्ये संघटनेला विम्बल्डन सोडून जाण्यास निकस माळ उपलब्ध होता. आज दक्षिण इंग्लंडमध्ये तशी दुसरी जागा मिळणे कठीण असल्याने बिझ्लीची जमीन व तिच्या मागील धोकाक्षेत्र टिकवणे हा या खेळाच्या ब्रिटनमधील भवितव्याशी निगडित प्रश्न आहे.